वार काढली की

“आक्का, श्वास धरून ठेवू नका, सोडा,” असं म्हणत डॉक्टर मगदुमांनी सुई गुडघ्याच्या कडेनं आत सरकवली आणि सिरिंजचा दांडा हळूहळू मागे ओढला. गढूळ, पिवळसर पाणी वर चढलं. मी शेजारी निर्जंतुक बाटल्या धरून उभी होते. टेबलावर पडलेली बाई त्या सिरिंजकडे असं निरखून बघत होती, जणू सुई दुसऱ्याच कुणाच्या पायात गेली आहे.

“ह्ये तिसऱ्यांदा,” ती म्हणाली. “दोनदा काढलं, काय गावलं न्हाई. आता तरी गावंल का?”

“ह्या प्रधान मॅडमना विचारा. जंतू उगवायचं काम त्यांचं. मी आपला कापणारा माणूस.”

“कापा की. पर मला भुईला टेकता आलं पायजे. बाकी कायबी करा.”

हातमोजे काढून मगदूम बाहेर आले आणि दाराशी मला थांबवून म्हणाले, “प्रधान, ही शेवटची खेप. उगवलं तर उगवलं, नाहीतर पुढच्या गुरुवारी सांधा काढून टाकतो. हाड पातळ झालंय, दुसरा सांधा बसेल असं वाटत नाही. पाय सरळ जोडून द्यावा लागेल.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुन्हा कधी वाकणार नाही. चालेल, पण खाली बसणं विसरायचं.”

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, जन्मानं आणि स्वभावानं ठाणेकर, आणि सूक्ष्मजीवशास्त्रात एमडी होऊन मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नुकतीच रुजू झाले होते. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं म्हणून मी एकदम विभागप्रमुख झाले. विभाग म्हणजे मी, तीस वर्षं तिथं टेक्निशियन असलेले मुजावरचाचा, आणि अंडी उबवल्यासारखे जंतू उबवणारं एक जुनं कपाट. पण पाटीवर माझं नाव होतं, आणि ती पाटी मी येता-जाता वाचत असे.

त्या बाईचं नाव गजराबाई पुकळे. आटपाडीच्या पुढच्या एका वाडीतली, साठीची, उन्हानं रापलेली. मगदुमांनी अकरा महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलून स्टीलचा बसवला होता. आठ महिने ती छान चालली. मग गुडघा सुजला, संध्याकाळचा ताप सुरू झाला. शरीरात बसवलेल्या धातूला जंतू चिकटले की ते शेवाळासारखे धरून बसतात. कुठला जंतू आहे हे कळलं तरच त्याच्यावर नेमकं औषध देता येतं, आणि सांधा वाचायची आशा उरते. जंतू वाढवायच्या आमच्या प्लेट्सवर दोन्ही खेपेला काहीही उगवलं नव्हतं.

अशा वेळी रुग्णाची हकीकत नीट विचारावी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मी तर त्यासाठी स्वतःची छत्तीस प्रश्नांची यादी केली होती. दुर्मीळ जंतू कुठून कुठून येतात याचा त्या यादीत सगळा हिशोब होता. मांजर चावणं, मासे साफ करणं, दात काढणं, सगळं. वॉर्डातल्या कुणाला तिचं कौतुक नव्हतं, मला मात्र होतं. गजराआक्काची सून शालन एक्स-रे आणायला खाली गेली होती. मी खुर्ची ओढली आणि यादी काढली.

“दूध निरसं पिता का, आक्का? न तापवलेलं?” निरसं हा शब्द मी खास शिकून घेतला होता.

“मी दूधच पीत न्हाई, बाय. तापलेलं न्हाई आन् निरसंबी न्हाई. वासच सोसत न्हाई.”

“घरी जनावरं?”

“हुती. पाय केला तवा समदी इकली. आता एक कोंबडी न्हाई दारात.”

मी दोन्हीपुढे “नाही” लिहिलं. “ताप पहिल्यांदा कधी आला?”

“तसा ताप मला जुनाच. वर्सातनं एकदा-दोनदा असतोयच. वार काढली की मागनं येतोय. म्हैना-पंधरा दीस गेलं की अंग मोडतंय, सांजच्याला थंडी वाजती, रातभर घाम.”

माझ्या आजीनं आयुष्यभर शुक्रवार केले होते. त्यामुळे वार म्हटल्यावर मला फुटाणे, गूळ आणि आंबट न खाणं एवढंच आठवलं. ‘काढली’ ऐकून क्षणभर अडखळले, पण दिवस काढतात तसे इकडे वार काढत असतील, अशी मी माझी समजूत घातली.

“किती वार काढता तुम्ही?”

“गेल्या साली वीस-बावीस तरी काढल्या असतील. हंगामात तर हप्त्याला दोन-दोन हुत्यात.”

“आठवड्यात दोन-दोन? उपाशीपोटी?”

“उपाशीच बरं की. पोटात काय असलं तर उलटून पडतंय.”

“कुणी सांगितलंय हे करायला?”

“सासूनं. ती काढायची, तिच्या मागारी मी. सासू म्हणायची, कुणी सांगावा धाडला की हातातला घास खाली ठिवून जायाचं. देवाचं काम हाय.”

मला सगळं लख्ख कळलं. साठीची बाई, रक्त कमी, आठवड्यात दोन निरंकार उपास, तेही सासूनं गळ्यात घातलेले. ताप येणार नाही तर काय होणार? खाली टेकायचा हट्टही पूजा मांडण्यासाठीच असणार. मी कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘उपवासांमुळे अशक्तपणा. उपवास बंद करण्याचा सल्ला दिला.’ आणि शाळामास्तरणीच्या आवाजात तिला म्हणाले, “हे बघा आक्का, आता वार अजिबात काढायचे नाहीत.”

ती दचकली. “अवो, मी न्हाई काढल्या तर मरतील की!”

“कोणी मरत नाही. हे सगळं मनाचे खेळ आहेत.”

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती. मला वाटलं, अडाणी बाई आहे, समजायला वेळ लागेल.

दोन दिवसांनी प्लेट्स कोऱ्या करकरीत होत्या. आमच्याकडे अठ्ठेचाळीस तासांचा नियम होता. तोवर उगवलं नाही तर ‘वाढ नाही’ असं लिहून प्लेट धुवायला टाकायची. मुजावरचाचांनी सवयीनं त्या टोपलीत टाकायला उचलल्याही होत्या.

“चाचा, ठेवा त्या. पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवा.”

“मॅडम, जागा न्हाई कपाटात. बुढ्ढीच्या दोन प्लेटा धरून बसलो तर बाकीच्यांनी काय करायचं?”

“मग काय कोंबडीसारखं बसून मीच उबवू त्या?”

चाचा हसले. त्यांनी दोन्ही प्लेट्स एका डब्यात घालून सगळ्यात खालच्या फळीवर मागे ढकलल्या आणि वर उर्दूत काहीतरी पुटपुटले. शनिवारी काही नाही. रविवारीही काही नाही. गजराआक्का घरी गेली होती, बुधवारी संध्याकाळी येऊन दाखल व्हायची होती.

सोमवारी सकाळी मी डबा उघडला. पहिल्या नजरेला तेच लालभडक कोरं आगर, जंतूंचं खाद्य. डबा मिटणार होते, पण कशाला कुणास ठाऊक, प्लेट खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. त्या लाल पृष्ठभागावर दहिवराचे थेंब पडावेत तसे बारीक, गोल, पारदर्शक ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे. समोरून बघितलं की दिसत नव्हते, तिरकं धरलं की उगवून आल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या प्लेटवरही तसेच.

“चाचा,” मी प्लेट पुढे करून म्हणाले.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, प्लेट डोळ्यांशी नेली, मग नाकाशीही नेली. “सात दिवस,” अखेर ते म्हणाले. “तीस साल झाली, मॅडम. किती जणांना असंच धुऊन टाकलं असंल मी?”

काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली घातलं तेव्हा तर मी खुर्चीतच बसून राहिले. गुलाबी, इतके बारीक जंतू, की सगळीकडे रांगोळीची पूड सांडल्यासारखी दिसत होती. असे जंतू मी पुस्तकात बघितले होते, प्रत्यक्षात कधीच नाही. एवढ्याशा जिवानं स्टीलच्या सांध्याला वेढा घातला होता आणि आम्हा डॉक्टरांना अकरा आठवडे चकवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या विषयाची भीती वाटली, आणि त्याच क्षणी त्याच्यावर जीव जडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळख पटवायला लावलेल्या युरियाच्या नळीचा रंग गुलाबी झाला आणि माझी खात्री पटली. ब्रुसेला. शेळ्या-मेंढ्यांच्या, गुरांच्या गर्भाशयात राहणारा जंतू. माणसात येतो तो निरशा दुधातून नाहीतर जनावरांतून. स्टीलच्या गुडघ्यात तो सापडल्याची जगभरात मोजकीच उदाहरणं तेव्हा छापून आली होती.

मी धावतच मगदुमांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग गजराआक्काचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

“हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“दूध, नाही. जनावरं, नाही. ताप, उपवासामुळे. मग ब्रुसेला काय कपिलेश्वराच्या प्रसादातून आला?”

“सर, दोन्ही प्लेट्सवर उगवलाय.”

“दोन्ही एकाच सिरिंजमधून भरल्यात. बाहेरचा कुठलातरी जंतू पडला असेल, तुला तो ब्रुसेला वाटतोय. खात्रीचा रिपोर्ट कधी मिळेल?”

“पुण्याला पाठवलंय. दहा दिवस.”

“दहा दिवस मी तिला तापात ठेवू? हाड आणखी पोखरलं तर पाय मांडीतून जाईल.” मग जरा मऊ आवाजात म्हणाले, “मला काय सांधा काढायची हौस आहे का? मीच बसवलाय तो. कुठून आला एवढं सांग. एक धागा दे मला. तेवढ्यावर मी सुरी खाली ठेवतो आणि गोळ्या सुरू करतो.”

धागा माझ्याकडे नव्हता. होता तो मीच लिहिलेला कागद, आणि तो माझ्याच विरुद्ध साक्ष देत होता. बुधवारी सकाळी सहाच्या एसटीनं मी आटपाडीला निघाले. बाई संध्याकाळी येणारच होती, पण दाखल झाल्यावर तिला गुंगीची औषधं, धावपळ, कसलं बोलणं होणार? शिवाय तिचं घर बघायचं होतं. बाहेर फोंडा माळ, मधे मधे बाभळी आणि डाळिंबाचे मळे. मी मनातल्या मनात छत्तीस प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि प्रत्येकाचं उत्तर ‘नाही’ येत होतं.

वाडीत घर सापडायला वेळ लागला नाही. शालन अंगणात पिशवी भरत होती. संध्याकाळी दवाखान्यात न्यायची तयारी. मला बघून ती पुरती गांगरली.

“मॅडम? तुमी हितं? काय झालं काय?”

“काही नाही. आक्का कुठायत?”

“आत्या वार काढाय गेल्यात. खालच्या वस्तीवर. सकाळच्यापारी सांगावा आला, मी नगं म्हणत हुते, ऐकतंय कोण?”

माझं डोकंच फिरलं. उद्या ऑपरेशन, आणि ही बाई उपास करायला दुसऱ्याच्या घरी जाते? मग पुढच्या क्षणी मनात आलं, उपास करायला खालच्या वस्तीवर कशाला जावं लागतं? पण तो विचार पुरा होईपर्यंत शालन पुढे निघाली होती, आणि मी तिच्या मागे.

वस्ती म्हणजे दोन घरं आणि एक गोठा. गोठ्याच्या दाराशी चार माणसं उभी होती. मी त्यांच्या मधून डोकावले. आत अंधारात पोत्यावर गजराआक्का डाव्या कुशीवर आडवी झोपली होती. उजवा पाय, तो सुजलेला, लांब सरळ सोडलेला. तिच्यापुढे एक काळी शेळी पडली होती, पोट भात्यासारखं वरखाली होत होतं, आणि आक्काचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत शेळीच्या आत होता. तिचे डोळे मिटलेले होते.

“दोन हायत,” ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. “म्होरल्याची मान मागं फिरलीया. थांब गं माझी बाय, जोर करू नगंस. थांब जरा.”

हे ती शेळीला सांगत होती, आणि शपथेवर सांगते, शेळी थांबली. आक्काच्या खांद्याचा स्नायू किंचित हलला, कोपर वळलं. बाहेरून एवढंच दिसत होतं. आत त्या बोटांनी काय काय चाचपलं, काय फिरवलं, काय सोडवलं, ते कुठल्याही यंत्रावर दिसलं नसतं. मी तीन वर्षं एमडीसाठी आणि त्याआधी पाच वर्षं डॉक्टरकीसाठी घासली होती. असं शिकलेलं बोट मी कुठल्याच ऑपरेशन थिएटरात बघितलं नव्हतं.

पहिलं पिल्लू मेलेलं निघालं. तिनं ते बाजूला ठेवलं, त्याच्यावरून एकदा हात फिरवला, आणि हात पुन्हा आत. दुसरं आलं ते लोळागोळा होऊन. तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, त्याचं तोंड स्वतःच्या तोंडाशी नेलं आणि नाकपुड्यांत फुंकर मारली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ते शिंकलं. दाराशी उभ्या माणसांचे श्वास एकदम सुटले, आणि माझाही.

पण आक्का उठली नाही. ती तशीच पडून राहिली, शेळीच्या पोटावर तळवा ठेवून वाट बघत. मग बोटांना गुंडाळत, जराही घाई न करता, तिनं आतून काहीतरी ओढून घेतलं. लालसर, पडद्यासारखं, रक्तानं निथळणारं. दोन्ही उघड्या हातांवर पसरून ती ते उजेडाकडे धरून बघू लागली, तेव्हा तिला मी दिसले.

“अगं बया! बाय, तू?” मग ओशाळून, चोरी पकडल्यासारखी म्हणाली, “तू नगं म्हणाली हुतीस. पर काढली नसती तर ही मेली असती बग. वार आत ऱ्हायली की शेळी जाती. तुकडाबी ऱ्हाऊन चालत न्हाई.”

मी तिच्या हातांकडे बघत राहिले. वार. जार, झार, काय काय म्हणतात त्याला. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला ज्याचा फक्त ‘प्लासेंटा’ हा इंग्रजी शब्द माहीत असतो ते. गेल्या साली वीस-बावीस काढल्या. उपाशीच बरं. सासू काढायची, तिच्या मागारी मी. न्हाई काढल्या तर मरतील. तिनं एकही शब्द खोटा सांगितला नव्हता की लपवला नव्हता. सगळंच्या सगळं, जंतू कुठून आला ते आणि केव्हा आला ते, तिनं पहिल्याच दिवशी माझ्या हातात ठेवलं होतं, आणि मी त्याच्यावर ‘उपवास’ लिहून मोकळी झाले होते. मला तिथंच त्या गोठ्यात रडू फुटलं.

“आक्का,” मी कसंबसं विचारलं, “शेळ्या दिवस भरायच्या आत टाकतात का हल्ली? मेलेली पिल्लं?”

तिचा चेहरा झटकन बदलला. “दोन साल झाली,” ती हळू म्हणाली. “लई गाभडत्यात. तुला कुणी सांगितलं?”

वाडीत फोनला रेंज नव्हती. मी टेकाडावर चढून मगदुमांना फोन लावला. बोलताना धाप लागत होती, शब्द मागे-पुढे होत होते. “सर, वार म्हणजे उपास नाही. ती शेळ्यांची—”

“वार काढते?” ते मधेच म्हणाले.

“हो. उघड्या हातानं. आज माझ्यासमोर.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“प्रधान, माझी आई काढायची,” मगदूम म्हणाले. “गावातल्या सगळ्या म्हशींच्या. तुला कळणं शक्य नव्हतं. मला एका शब्दात कळलं असतं. अकरा महिने ती बाई माझ्यापुढे येऊन बसतेय, आणि मी तिच्या गुडघ्याखेरीज कशाबद्दल काही विचारलं नाही.” मग म्हणाले, “उद्याचं ऑपरेशन रद्द. तिला घेऊन ये. आणि ऐक, त्या प्लेट्स उघड्यावर हाताळल्यात का तुम्ही?”

हाताळल्या होत्या. चाचांनी तर वाससुद्धा घेतला होता, त्यांची जुनी खोड. त्यामुळे त्या आठवड्यात गजराआक्का, मुजावरचाचा आणि मी, तिघंही एकाच गोळ्या खायला लागलो. आम्ही दोघं तीन आठवडे, ती सहा महिने. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते हे मी चाचांना आधी सांगायला विसरले, आणि एका सकाळी ते पांढरेफटक पडून माझ्या दारात उभे राहिले. एवढं सोडलं तर आमचं काही बिघडलं नाही. पुण्याचा रिपोर्ट दहाव्या दिवशी आला. ब्रुसेलाच होता.

पहिले दोन महिने गुडघा उतरेना. मगदूम दर आठवड्याला एक्स-रे काढायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत. तिसऱ्या महिन्यात ताप गेला. पाचव्यात सूज गेली. सहा महिने पुरे झाले त्या दिवशी आक्का ओपीडीत काठीशिवाय चालली, दाराशी वळली, भिंतीला हात लावून सावकाश भुईला टेकली, आणि तशीच उठली. मगदुमांनी खरं तर यासाठी तिला रागवायला हवं होतं. ते खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले.

त्यानंतर ती माझ्या खोलीत आली. मी तिच्यासाठी कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे मागवून ठेवले होते, पुरा खोकाभर. तिनं एक हातात घेतला, ताणून बघितला आणि परत ठेवला.

“ह्यातनं कळत न्हाई गं. पिल्लू जितं का मेलं ते कातड्यालाच कळतंय. ऱ्हाऊ दे.” मग जरा थांबून म्हणाली, “मला एकडाव दाव की. माझ्या पायात काय हुतं ते.”

मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. रंगवलेली, मेलेल्या जंतूंची काचपट्टी होती. एक डोळा मिटायला तिला जमेना, तेव्हा मी माझा तळवा तिच्या डोळ्यावर धरला. ती वाकून बघत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, बाहेर पेशंट थांबले होते.

“एवढुसं?” ती कुजबुजली. “ह्ये जितं असतंय?”

“असतं.”

“आन् शेळीच्या पोटात ह्येच?”

“हेच. यानंच शेळ्या गाभडतात.”

तिनं डोळा काढला नाही. पण माझ्या तळव्याखाली तिची पापणी ओली झालेली मला कळली.

“दोन साल माणसं बोलत हुती,” ती म्हणाली. “तोंडावर न्हाई, मागनं. गजराच्या हाताचं यश गेलं म्हणायची. तिनं हात घातला की म्होरल्या साली त्या गोठ्यातली शेळी गाभडती म्हणायची. सांगावा धाडायची, कारण दुसरं कोण न्हाई, पर मी गेल्यावर गोमूत्र शिपडायची. मलाबी वाटाय लागलं हुतं खरंच. सासूनं दिल्याला हात, मी नासला.” तिनं मान वर केली आणि माझ्याकडे सरळ बघितलं. “म्हंजी, माझा हात न्हवता?”

मी हो म्हणणार होते. जिभेवर आलं होतं. पण मला माहीत होतं, की एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, एका शेळीतून दुसऱ्या शेळीत तो जंतू उघड्या ओल्या हातावर बसून सहज जाऊ शकतो. या बाईला मी एकदा न समजता उत्तर दिलं होतं. समजून खोटं देणं मला जमलं नाही.

मी तिचा तळहात माझ्या हातात घेतला. “हात नव्हता, आक्का,” मी म्हणाले. “पण तो हातावर बसून जात होता.”

ती त्या हाताकडे बघत राहिली, पालथा करून, उताणा करून, जशी गोठ्यात वार उजेडाकडे धरून बघत होती तशी. मग तिनं हात माझ्या हातातून सोडवून घेतला आणि खोका स्वतःकडे ओढला.

“कसं घालायचं असतंय हे?” ती म्हणाली. “दाव.”